घुशीच्या उसन्या शेंगा

माणूस सावकारी शिकला, त्याच्याही आधीची गोष्ट. एका ढोलीत खारींचं कुटुंब राहायचं. जो तो आपल्या शेंगा घरच्यांना न सांगता जमिनीत पुरायचा. पुढे त्या सापडायच्या नाहीत. मग घुशीकडून उसन्या आणून दुप्पट फेडाव्या लागायच्या.

एके दिवशी घूस म्हणाली, "फेडणं जमत नाही ना? मग ढोली सोडा."

आई घरच्यांवर कडाडली, "कुणी कुठे पुरलंय, दाखवा!"

"सांगणारच होतो," बाबा पुटपुटले.

सगळ्यांनी मिळून उकरलं. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी घुशीचं बीळ निघालं.

"आमच्याच शेंगा आम्हाला उसन्या? वर आमचंच घर मागतेस?"

"खारूताई, तुम्ही एकमेकांना विचारलं असतंत, तर मला जमलं असतं का?"

आई आणखीच संतापली. तिने घुशीला हाकललं. त्या संध्याकाळपासून साऱ्या शेंगा ढोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहू लागल्या.