फ्यूजच्या जागी तार

एका डोंगरमाथ्यावरच्या गावात एक जीपवाला राहत होता. गावात गाडी म्हणावी तर ती एकच. आजारी माणूस असो की सासरी निघालेली नवरी, घाट उतरायचा तो त्याच्याच जीपमधून.

पण जीपचे दिवे गेले किंवा हॉर्न बंद पडला, की खालच्या बाजारपेठेतल्या मिस्त्रीची दोन-दोन दिवस वाट बघावी लागे. शेवटी जीपवाल्याने ठरवलं, आपल्या गाडीचं वायरिंग आपणच शिकायचं. तो मिस्त्रीकडे जाऊन बसू लागला.

मिस्त्री म्हातारा, आणि शिकवायला फार सावकाश. पहिला महिनाभर त्याने कोणती वायर कुठून कुठे जाते, तेवढंच कागदावर काढायला लावलं. मग एके दिवशी काचेचा इवलासा फ्यूज जीपवाल्याच्या तळहातावर ठेवला.

"यातली तार बघ, केसाएवढी आहे. वायरीत गडबड झाली की ही आधी जळते आणि गाडी वाचवते. म्हणून फ्यूज उडाला, की आधी का उडाला ते शोधायचं."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"सापडेपर्यंत शोधायचं. आणि वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबराची चकती घालायला विसरू नकोस. पत्र्याची कड वायर कापते."

जीपवाल्याचा हात चांगला होता, धीर मात्र नव्हता. दोन महिन्यांत दिवे जोडता आले आणि स्वारी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली. मिस्त्रीकडे जाणं बंद झालं. घरी त्याने जीपला मोठा दुहेरी हॉर्न स्वतःच बसवला. रबराची चकती हाताशी नव्हती. तेवढ्याने काय होतंय, म्हणत त्याने वायर तशीच पत्र्यातून ओढून घेतली.

आठवडाभरात भर दुपारी घाटात फ्यूज उडाला आणि हॉर्न बंद पडला; वळणावळणाच्या घाटात हॉर्नशिवाय पुढे जाणं धोक्याचं. नवा घातला, तोही उडाला. गाडीत बाजारची माणसं, सगळ्यांना घाई.

"अरे, काहीतरी कर आणि चल!"

जीपवाल्याला मिस्त्रीचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. तरी त्याने तांब्याच्या तारेचे चार पदर फ्यूजच्या जागी गुंडाळले. हॉर्न खणखणीत वाजला. लोकांनी शाबासकी दिली, आणि त्या शाबासकीत तो मिस्त्रीला विसरला.

ती तार कधीच जळली नाही. पंधरा दिवसांनी तिच्याऐवजी सगळं वायरिंग जळलं. बॉनेटमधून धुराचे लोट आले, उतारूंनी उड्या टाकल्या, माती फेकून आग विझवली. माणसं वाचली, पण जीप घाटाच्या वळणावर काळीठिक्कर उभी राहिली.

तिसऱ्याच दिवशी सकाळी गावची म्हातारी सुईण चुलीपुढे कोसळली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, जीपवालाही त्यातलाच. तिला झोळीत घालून चौघे घाट उतरले. पुढचा खांदा जीपवाल्याचा होता. जळक्या जीपजवळून जाताना त्याला मान वर करवेना.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल. तीन तास आधी आणलं असतं, तर कदाचित हातही वाचला असता."

जीपवाला ढसाढसा रडला. मग तसाच उठून मिस्त्रीकडे गेला.

"मिस्त्रीकाका, मला पहिल्यापासून शिकवा."

मिस्त्रीने कोरा कागद तेवढा पुढे सरकवला.

वर्ष गेलं. जीप पुन्हा घाट चढू-उतरू लागली. एकदा सुईणीला तपासणीला नेताना अर्ध्या वाटेत फ्यूज उडाला.

"तार गुंडाळ की रे, उशीर होतोय!" मागून कुणीतरी ओरडलं.

जीपवाल्याने इंजिन बंद केलं, बॅटरीची वायर सोडवली आणि रस्त्यावर पाठ टेकून एकेक वायर चाचपू लागला.

म्हातारी पुढच्या सीटवर होती. डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून तिने मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाली, "शोध बाबा, सावकाश शोध. मी बसलेय."

तात्पर्य एवढंच: इशारा देणाऱ्याचं तोंड बंद केल्याने संकट टळत नाही, आणि त्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्यालाच मोजावी लागते.