बारा घरांची मिलका

तुमच्या आईचं नाव काय? बघा, किती पटकन सांगितलंत. आंबेखारच्या मिलकेला तेवढं सांगता येत नव्हतं.

फार वर्षं झाली त्याला. खाडीकाठच्या आंबेखार गावात तेव्हा बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, बारा घरं होती. घरोघरी तेलाचा घाणा. शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पटकीच्या साथीत एकदा तिथे एक बैलगाडी आली, असं म्हणतात. गाडीत एक बाई मरून पडलेली, शेजारी एक पुरुष अखेरच्या घटका मोजत असलेला आणि एक तान्ही मुलगी. पुरुषाने शेमा, मरताना म्हणायची त्यांची प्रार्थना, म्हटला, म्हणून ही आपलीच माणसं, एवढं कळलं. "हिचं नाव मिलका," तो म्हणाला आणि गेला. आईचं नाव राहूनच गेलं.

बारा घरांनी मुलगी वाटून घेतली. एकेका घरी एकेक महिना. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण महिना भरला की गोधडी काखेत मारून ती पुढच्या दारात जाऊन उभी राहायची. बाराही घरांच्या भाकरीची चव तिला ठाऊक होती. आई कुणाला म्हणायचं ते कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही.

मोठी झाल्यावर ती विहिरीजवळच्या झोपडीत एकटी राहू लागली. शुक्रवारी सूर्य बुडाला की लागणाऱ्या शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, दिव्यांसाठी कापसाच्या वाती वळायची. पंतोजींच्या पडवीबाहेर उभी राहून ती अक्षरंही शिकली होती.

त्या काळी प्रार्थना हिब्रूत असायची. वर्षातून दोनदा गलबताने हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, यायचा, तो पुरुषांना ती म्हणून दाखवायचा. बायका दाराशी उभ्या राहून आमेन तेवढं म्हणायच्या. एकदा सिपोराबाईची लेक तापाने फणफणली. हज्जान यायला दोन महिने होते. सिपोराबाई झोपडीशी येऊन रडायला लागली. तेव्हा मिलकेने वात वळता वळता मराठीतच शब्द जुळवले आणि कागदावर लिहून दिले:

"आब्राहामाच्या देवा, माझ्या हाताला तेल लागलंय, तरी तोच तुझ्यापुढे पसरते. दिना, सिपोराची लेक, हिचा ताप उतरव."

ताप उतरला. मग बायका येतच राहिल्या. बाळंतपणासाठी, मुंबईला गेलेल्या नवऱ्यासाठी, आटलेल्या म्हशीसाठीसुद्धा. मिलका प्रत्येकीला आधी आईचं नाव विचारायची. कारण रीतच तशी होती, मागणं मागायचं ते आईचं नाव घेऊन.

"देवाला ठाऊक नाही होय गं?" सिपोराबाई एकदा हसली. "एवढी चौकशी तर सोयरीक जुळवतानाही करत नाहीत!"

"गावात तीन दिना आहेत, सिपोराबाई. पलीकडच्या दिनेचा ताप उतरून काय उपयोग?"

तिची प्रार्थना म्हटली की वादळातलं गलबत धक्क्याला लागायचं, घाण्याचा बैल पाय न हलवता ऐकत राहायचा, असं म्हणतात. बायका कागद पदराला बांधून घरी जायच्या. दार लोटलं की झोपडीत मिलका आणि तिच्या वाती. स्वतःसाठी तिने एक ओळही लिहिली नाही. कुणाची लेक म्हणून लिहिणार?

मग एका शुक्रवारी तिलाच ताप भरला. दुपारपर्यंत शुद्ध हरपली. बाराही घरच्या बायका धावत आल्या. सिपोराबाईने काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, वर खोबरेल ओतलं, वात सोडली. दिवा सूर्य बुडायच्या आत लावायला हवा. शब्बाथ लागला की काडी ओढता येत नाही. तिने पदराचा जुना कागद सोडला.

"मिलका," तिने सुरुवात केली. "मिलका..." आणि ती थांबली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाहेर ऊन माडांच्या शेंड्यावर गेलं होतं.

"पोरीला महिना महिना ठेवून घेतलं," सिपोराबाई हळूच म्हणाली, "आणि आपलं नाव द्यायचं सुचलं नाही एकीलाही." मग तिने काडी ओढली. "मिलका, सिपोराची लेक, हिचा ताप उतरव."

"दिनाची लेक," दिना म्हणाली आणि तिने आपली वात सोडली. मग हन्नाची लेक. मग लेयाची. शेवटी महिन्यापूर्वी लग्न होऊन आलेली रूथ, जेमतेम सोळा वर्षांची, लाजत म्हणाली, "रूथची लेक." मिलकेचे केस तेव्हा पांढरे झाले होते. पण कुणी हसलं नाही.

पेल्यात चमचाभर तेल होतं. त्यावर बारा वाती रात्रभर जळल्या आणि खाडीच्या तोंडाशी कोळ्यांना तो उजेड दिसला, असं म्हणतात.

आता आंबेखारला तेल्यांचं एकच घर उरलंय. घाणा नाही. पण शुक्रवारी दिवा लावताना तिथे अजून एक वात जास्तीची सोडतात. घरात जी कुणी असेल, सून, पाहुणी, परकरी वयाची पोर, ती म्हणते, "मिलका, माझी लेक."

त्या सकाळचं सांगायचं राहिलंच. शनिवारी उजाडताना मिलकेचा ताप उतरला. डोळे न उघडताच ती म्हणाली, "आई, पाणी." आणि बाराही जणी उठल्या.