गोजराने राजाला खुर्ची दिली

राजाला तळं हवं होतं. सगळंच्या सगळं! काठाला कुंपण घालायचं, आत नाव सोडायची, नावेत लोडाला टेकून विडा चघळायचा आणि नजरेच्या टप्प्यात एकही म्हैस डुंबताना दिसता कामा नये, असा भूपतराव महाराजांचा बेत. नाव तर बांधूनसुद्धा झाली होती!

अडचण एकच. सावरखेड परगण्याच्या रस्त्यांचा, बाजाराचा नि पाण्याचा कारभार महाराजांनीच मागे एकदा खुशीत येऊन परगणा सभेला देऊन टाकला होता. नऊ तर्फांनी, म्हणजे परगण्याच्या नऊ भागांनी, निवडून दिलेले नऊ सभासद. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने पाठिंबा द्यायचा, मग हात वर. जिकडे हात जास्त, तिकडे निकाल. आता दिलेला शब्द मागे घ्यावा, तर शेजारपाजारचे राजे मिशीतल्या मिशीत हसणार!

मग महाराजांनी दवंडी पिटवली. "उद्या आम्ही जातीने सभेला येतो. तळ्याचा ठराव होईल. आमच्याविरुद्ध जो हात वर होईल, तो कोपरापासून खाली उतरेल!"

झालं! सभासदांची पाचावर धारण बसली.

त्यांच्यातलीच एक गोजरा परटीण. तिला तिच्या तर्फेतल्या पुरुषांनी एकमताने निवडून दिलं होतं, का, तर सभेच्या दिवशी तरी तिचं तोंड गावाबाहेर राहील! पण आज गोजराही पेचात पडली होती. तळं गेलं तर धुण्याचा घाट गेला, आणि घाट गेला की चूल विझली. बरं, हात गेला तरी तेच. एका हाताने लुगडं पिळणार कसं?

सभापती भुजंगराव पाटील घाम पुसत म्हणाले, "गोजराबाई, देऊन टाकू तळं. हात राहिले तर दुसरं खणू."

"खणाल हो! कुदळ कुठल्या बाजूने धरतात ते तरी ठाऊक आहे का?" गोजरा कडाडली. मग तिने पदर खोचला आणि एकदम म्हणाली, "पाटील, उद्या महाराज आले की तुमची खुर्ची त्यांना द्या."

"माझी खुर्ची?"

"मग राजाला काय गोणपाटावर बसवता? आणि बाकी सगळ्यांनी हात मांडीखाली घालून मुकाट बसायचं. अगदी नाक खाजलं तरी!"

दुसऱ्या दिवशी महाराज आले. गोजराने सभापतीच्या खुर्चीवर शुभ्र चादर अंथरली आणि लवून म्हणाली, "बसावं महाराज. आज सभा आपणच चालवायची."

"वा! रीतभात कळते हो तुला," म्हणत महाराज ऐसपैस बसले. "हं, आटपा आता. तळं आम्हाला. करा हात वर!"

एक हात हलला नाही.

"महाराज, आधी ठराव मांडावा लागतो," गोजरा म्हणाली.

"मग आम्हीच मांडतो!"

"खुर्चीवरच्या माणसाला मांडता येत नाही, महाराज."

"कोण म्हणतो?"

"आपणच! पहिल्या सभेत हे आमचे पाटील खुर्चीवरून सकाळी जे सुरू झाले, ते जेवणवेळ टळली तरी थांबेनात. आपल्याला डुलकी लागली, पगडी घरंगळली. जागे झाल्या झाल्या आपण हुकूम काढलात, की खुर्चीवर बसेल त्याने ठराव मांडायचा नाही, पाठिंबा द्यायचा नाही. फक्त विचारायचं आणि निकाल सांगायचा."

पाटील जमिनीकडे बघू लागले. महाराजांना ती डुलकी चांगलीच आठवली.

इतक्यात सभासदांतले माणकशेट उठले. कुंपणाच्या मक्त्यावर त्यांचा डोळा होता. "मी मांडतो! तळं महाराजांना द्यावं!"

"शाबास! पाठिंबा कुणाचा?"

कुणी खोकलं, कुणी आढ्याकडे बघितलं. भुजंगराव घाबरून तोंड उघडणार, तोच गोजराने त्यांच्या अंगठ्यावर टाच ठेवली.

"आई गं!"

"हा पाठिंबा का?" महाराजांनी आशेने विचारलं.

"ही कळ आहे महाराज, पायातली," गोजरा म्हणाली.

महाराजांचा तोल सुटला. "खड्ड्यात गेली तुमची खुर्ची! हे बघा, उतरलो खाली! आता आमचाच पाठिंबा!"

गोजराने चटकन चादर झटकली, घडी घातली आणि काखोटीला मारली. "चला, आटपलं! खुर्ची रिकामी झाली की सभा संपली. हाही आपलाच हुकूम महाराज, पाटलांना घरी धाडायला काढलेला!"

महाराज लालबुंद झाले. "कोण? आमच्याविरुद्ध हात कुणी वर केला?"

"बघून घ्यावं महाराज. सगळे मांडीखाली आहेत. मुंग्या आल्यात बिचाऱ्यांना!"

"मग आम्हाला अडवलं कुणी?"

"अहो, महाराजांना अडवायची आमची काय टाप!" गोजरा हात जोडून म्हणाली. "आपल्याला अडवणारा या मुलखात एकच माणूस, आणि तो आत्ताच खुर्चीवरून उतरला!"

महाराजांनी तिच्याकडे बघितलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि असे हसले, असे हसले, की पोट धरून त्यांना खांबाला टेकावं लागलं.

"राहू दे तळं तुम्हालाच! आणि गोजरा, ती नाव तुझी. पलीकडच्या काठाचं धुणं आण तिच्यातून!"

"अशी कशी घेऊ? तळ्यात नाव सोडायची म्हणजे पाण्याचं काम. सभेचा ठराव लागतो, महाराज!"

महाराज धपकन पुन्हा खुर्चीत बसले. "विचारतो तर! कोण मांडतं?"

"मी! मी!" सगळे एकदम ओरडले. माणकशेटसुद्धा!

"आणि पाठिंबा आमचा!" महाराज खुर्चीतूनच गरजले.

हुकूम सरळसरळ मोडला होता. पण गोजराला ते ऐकूच आलं नाही. ती केव्हाच नाव सोडायला घाटाकडे पळाली होती!