केवळाबाईचा अंगठा

"आन् अंगठ्यालाच अंगारा लावला तर, महाराज?"

चंदनगिरी महाराज मठाच्या ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी एक चिंच फोडली, चिंचोके बाजूला टाकले, मग वर पाहिलं.

"अंगारा कपाळाला लावतात, भुजंगा. अंगठ्याला कशाला?"

"अंगठाच चालंना झालाय."

"कुणाचा?"

"मायचा."

भुजंग कुंभार महाराजांचा जुना शिष्य. गळ्यातली माळ त्यांच्याच हातची. मठात आला की माणूस कसा ताठ बसायचा. चारचौघांत म्हणायचा, गावात आईबापाला सांभाळणारी माणसं दाखवा बरं मला. आणि खोटं कशाला बोला, दाखवायला दुसरं कुणी फारसं नव्हतंही.

"दिवाळीपासनं मशीन तिचा अंगठा नीट घेईना," भुजंग म्हणाला. "चार खेपा लाल दिवा, तेव्हा कुठं एकदा उठतो. बँकेचा माणूस म्हणतो, म्हातारीच्या अंगठ्यावर रेघाच नाहीत. आता जन्मभर मडक्याचे काठ अंगठ्यानं गुळगुळीत केल्यावर रेघा राहतील कुठनं? माती खाऊन टाकते सगळं."

"मग?"

"मग निराधारचा पगार अडकतो ना, महाराज."

म्हाताऱ्या बाईच्या नावावर सरकारकडून दर महिन्याला येणारे ते पैसे. गावात त्याला सगळे पगारच म्हणतात. भुजंगाच्या घरात दुसरा पगार कधी कुणाला मिळाला नव्हता. मडकी कोण घेतं हल्ली? उन्हाळ्यात चार माठ खपायचे, संक्रांतीला सुगडं खपायची, मधले महिने उसनवारीवर जायचे.

महाराजांनी पुढची चिंच उचलली.

भुजंगाला गप्प बसवेना. "तुम्हीच सांगितलं होतं, महाराज. मायला बघ म्हणून. सगळ्यांच्या देखत."

"सांगितलं होतं."

"भट्टीमागच्या छपरीत पडलेली असायची. मी घरात आणली. आतल्या खोलीत, खिडकीजवळ. खाट दिली. पहिला चहा तिचा. आमची कारभारीण वैजंता आधी तिच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती, ती आता आत्याबाई, आत्याबाई करून वाटी हातात नेऊन देते. पोरीला दूध सुरू झालं. गोडं तेल बाटलीनं येतं. साबण आंघोळीचा निराळा, धुण्याचा निराळा. चुलीवर दोन्ही वेळा काहीतरी शिजतं, महाराज. लई बदललं घर."

हे सगळं खरं होतं. पोरीच्या गालावर मांस आलं होतं, आणि भुजंग तिला मांडीवर घेऊन दुधाचा पेला स्वतः तिच्या तोंडाला लावायचा. त्यात लबाडी नव्हती. पण महाराजांचं ऐकून त्यानं मायला घरात आणलं, की पगार सुरू झाला म्हणून आणलं, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं. महाराजांनी सांगितल्यावर मधे एक अख्खा पावसाळा गेला होता आणि म्हातारी त्या गळक्या छपरीतच होती. भुजंगानं त्या पावसाळ्याची आठवण कधी काढली नाही.

"निराधार म्हणजे?" महाराजांनी विचारलं.

"ज्याला कुणी नाही तो."

"तिला कुणी नाही?"

"तसं सांगावं लागतं, महाराज. त्याशिवाय मिळत नाही."

"कुणी सांगितलं?"

भुजंगानं गळ्यातली माळ चाचपली.

"मीच..."

ओसरीवर एक चिमणी येऊन चिंचोक्यांत चोच घालून गेली. महाराज तिच्याकडे बघत राहिले.

"आणि आता अंगठा उठत नाही."

"उठंल, महाराज. उठवणारच. मी काय कमी करतोय का? रोज सकाळ-संध्याकाळ लोणी चोळतो. मी स्वतः, वैजंताला लावू देत नाही. फडकं बांधून ठेवतो. मातीला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. झाडू नाही, भांडं नाही, भाकरी नाही. भाकरीसुद्धा मोडून देतो तिला. लोक हसतात मला. म्हणतात, राणी करून ठेवली म्हातारी. हसू दे. सेवा ती सेवा."

"ती काय म्हणते?"

"कोण?"

"माय."

भुजंगाला जरा विचार करावा लागला.

"काय म्हणणार? आता लई बोलत नाही. मधे एकदा रात्री उठून चाकाजवळ जाऊन बसली होती. माती मळत होती अंधारात. तोंडानं काहीबाही पुटपुटत. मी ओरडलो. महिन्याची मेहनत घालवली म्हटलं. तेव्हापासनं नाही गेली."

"चहा?"

"आं?"

"पहिला चहा तिचा म्हणालास. अंगठा उठला नाही की त्या दिवशी कुणाचा?"

भुजंगाचे कान तापले. महाराजांचं हे असं होतं. माणूस सरळ दारातून आत जातो म्हणावं, तर हे परसदारी जाऊन उभे. त्या दिवशी वैजंता चहाच करत नाही, भांडी आपटते, पोरगी रडते, आणि माय खिडकीकडे तोंड करून पडते. पण हे मठात बसून सांगायचं असतं का?

"देतो की," तो म्हणाला. "जरा... उशिरा."

महाराजांनी मान हलवली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर भुजंगाला बरं वाटलं असतं.

"आहे कुठं ती?"

"खाली. गाडीजवळ बसवलीय लिंबाखाली. इथनं तसाच तालुक्याला नेणार. तिथं दुसरी मशीन आहे म्हणतात, चांगली. आजच्याला नाही उठला तर नाव कटंल, असं सांगितलंय बँकेच्या माणसानं. म्हणून तर तुमच्याकडं आलो आधी. चिमूटभर अंगारा द्या. तुमच्या हातचा."

नाव कटलं तर दूध बंद. तेल बंद. आणि मायची खाट... पुढचं त्यानं मनातसुद्धा आणलं नाही.

"वर बोलाव तिला," महाराज म्हणाले.

भुजंगानं ओसरीच्या कडेला जाऊन हाक मारली. "माय, ये वर. महाराज बोलावतेत. हळू ये. अंगठा सांभाळ."

मठाच्या पायऱ्या दगडी, उंच आणि झिजलेल्या. केवळाबाई लिंबाखालून उठली. लुगडं स्वच्छ होतं, डोक्याला तेल होतं. उजवा हात तिनं छातीशी धरला होता, अंगठ्याला पांढरं फडकं. बाकी बाई म्हणजे हाडं आणि कातडी. डाव्या हातानं ती भिंतीचा आधार घेत वर येऊ लागली. भिंत संपली तिथं ती थांबली. पुढं आधाराला उजव्या बाजूचा कठडा होता, लोखंडाचा, गंजलेला.

तिनं कठड्याकडे पाहिलं. मग भुजंगाकडे.

"तसंच ये," भुजंग म्हणाला. "त्याला धरू नको, सोलवटंल. मी आलोच."

तो निघेपर्यंत तिनं पाय उचलला होता. पाय अर्धाच पायरीवर पडला आणि ती पुढं गेली. पडणारा माणूस हात पुढं टाकतो, लहान मूलसुद्धा टाकतं. केवळाबाईनं हात वर केला. उजवा हात डोक्याच्या वर, सरळ, आणि कपाळ दगडावर आपटलं.

आवाज ओसरीपर्यंत आला.

भुजंग धावला. महाराज त्या वयातही त्याच्या मागोमाग खाली आले. म्हातारी पायरीवर आडवी पडली होती. भुवईवरून रक्त डोळ्यात उतरत होतं. हात अजून वरच होता.

"अंगठ्याला काय नाही झालं रे," ती म्हणाली. "काय नाही झालं. रागावू नको."

भुजंगानं गुडघे टेकले, फडक्याची गाठ सोडली. अंगठा उजेडात धरला, उलटासुलटा करून पाहिला. लोण्यानं मऊ, गोरा पडलेला, कुठं ओरखडा नाही.

"वाचला, महाराज," तो म्हणाला. "देवाची कृपा."

महाराजांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि जखमेवर उपरणं दाबून धरलं. भगव्या कापडावर काळपट डाग पसरत गेला. केवळाबाईनं एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डाव्या हाताची बोटं पायरीच्या कडेवरून फिरत होती, कडेकडेनं, अगदी सावकाश, काठ घडवताना फिरतात तशी.

भुजंगाला ते रक्त तेव्हा कुठं दिसलं. त्याला रडू आलं, आणि आपण कशासाठी रडतोय हे त्याला नीट कळेना. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. उन्हं चढली होती.

"बांधू जरा घट्ट," तो म्हणाला. "वाटेत दवाखाना आहे, दाखवतो. पण निघावं लागंल, महाराज. तिथला मशीनवाला बारापर्यंतच बसतो. अंगारा... देता नव्हं?"

महाराजांनी कमरेची पुरचुंडी सोडली, चिमूटभर अंगारा भुजंगाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली. म्हातारीचं डोकं मात्र मांडीवरून हलू दिलं नाही.

"जा," ते म्हणाले. "अंगठा तेवढा घेऊन जा. माय राहू दे."