भिंतीबाहेरची जागा

एका गावात एक भिंत होती. शिकायला दूर देशी गेलेल्या रिबकाला वाटलं होतं, आपण परत येईपर्यंत ती कधीच ढासळली असेल. परत येऊन पाहते तर कंबरेएवढी भिंत छातीएवढी झाली होती. वर दगडांचा नवा थर चढला होता आणि त्यावर ताजा चुना मारलेला होता.

ती भिंत ख्रिस्ती वस्तीच्या कबरस्थानाची होती. आत बाप्तिस्मा झालेली माणसं निजत. बाहेर, बाभळींच्या विरळ सावलीत, लहान लहान उंचवटे होते. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्यांच्यावर दगडगोटे रचलेले असत. बाप्तिस्म्याआधी गेलेली तान्ही बाळं तिथे पुरायची, अशी वस्तीची जुनी रीत होती. त्यांच्यासाठी घंटा वाजत नसे. त्यांना नावही नसे, कारण नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवत. ‘माझं बाळ कुठे गेलं?’ असं एखाद्या आईने विचारलंच, तर वडीलधारी म्हणत, ‘ते देवालाच ठाऊक. विचारू नये.’

त्यातला एक उंचवटा रिबकाच्या धाकट्या भावाचा होता. तो आठवडाभरही जगला नव्हता. पाद्रीसाहेब पलीकडच्या गावाहून येईपर्यंत संपलं होतं सगळं. तेव्हापासून रिबकाच्या आईने, सुगंधाबाईने, त्या बाजूला मान वळवली नव्हती.

रिबका अमेरिकेत गेली ती मातीचं शास्त्र शिकायला. डोंगरांच्या कुशीतल्या त्या कोरड्या गावात बहुतेक सगळे मॉर्मन या निराळ्या ख्रिस्ती पंथाचे होते. ज्या घरात ती राहत होती, तिथल्या म्हातारीला तिने एकदा धीर करून विचारलं, “बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाचं काय होतं?”

म्हातारी म्हणाली, “ज्याने पाप केलंच नाही, त्याचं धुवायचं काय?”

या एका उत्तरासाठी रिबका तिथे थांबली, आणि मग तिने पुढचं सगळं ऐकलं. माणूस जन्मला तेव्हा सुरू होत नाही. त्याआधी आपण सगळे देवापाशी होतो, त्याची लेकरं म्हणून. पृथ्वीवर पाठवायचं ठरलं तेव्हा तिथे एकजण म्हणाला, ‘मी सगळ्यांना मानगूट धरून चांगलं वागायला लावतो, एकही हरवणार नाही.’ दुसरा म्हणाला, ‘त्यांना निवडू द्या. ते चुकतील, पडतील. त्यांच्यासाठी मी जीव देईन.’ आपण दुसऱ्याच्या बाजूने उभे राहिलो, म्हणून तर हे अंग मिळालं आणि ही पृथ्वी मिळाली, निवडून निवडून शहाणं व्हायला. मेल्यावरही शाळा सुटत नाही. इथे ज्याला सांगायचं राहून गेलं त्याला तिथे सांगतात, आणि घ्यायचं की नाही ते त्याचं तो ठरवतो. सूर्य, चंद्र आणि तारे यांचं तेज जसं वेगवेगळं, तसे तिथले मुक्काम वेगवेगळे. पण लहान लेकरं थेट देवाच्या घरी जातात. आणि जी घरं देवाच्या नावाने जोडली जातात, त्यांना मरणही तोडू शकत नाही.

रिबकाने पाण्यात उतरून तो विश्वास घेतला. येताना विमानात तिला झोप लागली नाही. तिला वाटत होतं, ही बातमी ऐकून वस्तीतल्या बाया रडतील, हसतील आणि बाभळींकडे धावत सुटतील.

तसं काही झालं नाही. वस्तीने तिच्या सगळ्या बोलण्यातून एकच गोष्ट उचलली. पोरगी चहा पीत नाही.

मॉर्मन लोक चहा-कॉफी घेत नाहीत हे खरं. पण वस्तीच्या लेखी तोच अख्खा धर्म झाला. “काय गं रिबका, तुमच्या स्वर्गात निदान बिनसाखरेचा तरी मिळतो का?” पिठाच्या गिरणीवर बाया विचारत. “हिला सासर कुठलं शोधायचं? बघायला आले की पाहुण्यांपुढे काय ठेवणार, ताक?” रिबकाही हसे. थट्टेने कुणी मरत नाही, हे तिला माहीत होतं.

पण तिची आई मरत होती. सुगंधाबाईच्या छातीत पाणी झालं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिची एकच इच्छा होती, भिंतीच्या आत नवऱ्याशेजारची जागा. ती जागा वस्तीचे पंच देत. रिबका शनिवारी दुपारी पंचांकडे गेली.

पंचांचे प्रमुख होते शांतवन मास्तर. अर्ध्या वस्तीला त्यांनीच बाराखडी शिकवली होती. त्यांनी रिबकाला मायेने बसवून घेतलं.

“बाळ, तुझ्या बापाशेजारची जागा तुझ्या आईचीच आहे. पण नियम असा की घर आपल्या चर्चच्या मंडळीत पाहिजे.”

“आई मंडळीतच आहे, मास्तर.”

“ती आहे. पण तिला खांदा देणारी तू. मूठमाती देणारी तू. तू कुठे आहेस?”

“मग मी काय करू?”

मास्तरांनी आत हाक मारली. त्यांची बायको मार्थाकाकू आल्याच्या चहाचा कप घेऊन आली आणि रिबकासमोर ठेवून भिंतीशी उभी राहिली.

“हा घे,” मास्तर म्हणाले. “आम्हा सगळ्यांसमोर. शपथ नको, कागद नको. एक कप घेतलास की आम्ही समजू, डोक्यातलं खूळ गेलं.”

“मार्थावहिनी, साखर जास्त घातलीय ना?” एक पंच म्हणाले. “पोरीला कडू लागायचा.” बाकीचे हसले.

रिबकाने कपाकडे पाहिलं. आल्याचा वास तिला लहानपणापासून आवडायचा. एका कपाने आभाळ कोसळणार नव्हतं, आणि देव घोट मोजत बसत नाही हेही तिला कळत होतं. तिने कप उचलला. तो ओठांपर्यंत गेलासुद्धा.

मग ती थांबली. “मास्तर, मी पिते. पण माझ्या भावाला आत घ्याल?”

पंचांनी मास्तरांकडे पाहिलं.

“त्याचं निराळं आहे,” मास्तर म्हणाले. “त्याचा बाप्तिस्मा नव्हता.”

“त्याने काय केलं होतं?”

“काही नाही.”

“मग?”

“रीत आहे, बाळ.”

रिबकाने कप खाली ठेवला. आता तिच्या लेखी त्यात चहा नव्हता. तिचा भाऊ कुठेच नाही, ही गोष्ट आल्यात उकळून तिच्यापुढे ठेवली होती आणि ती तिने गिळायची होती.

“ज्याने काहीच केलं नाही तो बाहेर. आणि मी तोंडदेखला घोट घेतला की आम्ही आत,” ती म्हणाली. “मास्तर, शाळेत कुणी असं गणित सोडवलं असतं, तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतंत.”

मास्तरांचा चेहरा लाल झाला. “उद्या सकाळच्या उपासनेपर्यंत विचार कर. घंटा झाली की जागेचं नाव काढायचं नाही.”

रिबका बाहेर पडली. पायरीवर मार्थाकाकूने तिला गाठलं. हातात तोच कप होता, त्यावर साय धरली होती. काकूने मागे पाहिलं आणि हळूच विचारलं, “पोरी, ते बाळांचं सांगत होतीस ना गिरणीवर... एखादीची दोन असली, तर दोन्ही मिळतात का गं?”

“दोन्ही, काकू.”

काकूने चहा पायरीखालच्या मातीत ओतला आणि ती आत गेली.

घरी येईपर्यंत रिबकाचा आवेश उतरला. जागा आईची होती. ती आईला न विचारता घालवून आली होती. मानगूट धरून चांगलं वागायला लावणारा तो पहिला, त्याच्याच वाटेने आपण चाललो, हे तिला उमगलं.

तिने आईला सगळं सांगितलं. सुगंधाबाई उशीवरून अर्धी उठली.

“एका कपापायी? अगं, तुझा बाप तिथे इतकी वर्षं एकटा पडलाय!”

“मी चुकले. तुला विचारायला हवं होतं,” रिबका म्हणाली. “ती जागा मागून आण असं म्हणालीस तर उद्या जाऊन हात जोडीन. खांदा द्यायला मी नको असले, तर लांब उभी राहीन. पण त्याआधी एकदा माझं ऐक. मग तू ठरव. मी ठरवणार नाही.”

दिवे लागायची वेळ होती. रिबका आईच्या पायथ्याशी बसली आणि तिने ऐकलेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “आपलं हेच अंग परत मिळतं, आई, दुखणं नसलेलं. आणि जी लेकरं तान्ही गेली, ती त्यांच्या आयांनाच वाढवायला मिळतात.”

सुगंधाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “मग तोवर त्याला पाजतं कोण?”

रिबका म्हणाली, “ते मला कुणी शिकवलं नाही. पण वाढवायचं तुझ्याकडेच ठेवलंय, एवढं शिकवलं.”

“ते गेल्यावरही मला दूध येत होतं,” सुगंधाबाई म्हणाली. “चोळी भिजायची. तुझ्या आजीने जुन्या धोतराच्या पट्टीने छाती घट्ट बांधून टाकली. म्हणाली, आता कुणासाठी?” तिने पदराने डोळे पुसले. “म्हणजे ते वाया नाही गेलं म्हणायचं?”

“नाही, आई.”

“शमुवेल,” सुगंधाबाई म्हणाली.

“काय?”

“त्याचं नाव. तुझ्या बाबांनी आणि मी ठरवलं होतं. बाप्तिस्मा झाला नाही, मग कुणाला सांगितलं नाही.” मग तिने विचारलं, “आणि तुझे बाबा? ते आत, आम्ही बाहेर?”

“बाबा आयुष्यभर पाटलाचं कुंपण ओलांडून पेरू आणायचे. छातीएवढ्या भिंतीला अडतील?”

सुगंधाबाई हसली. हसताना तिला खोकल्याची उबळ आली. ती शमल्यावर तिने एवढंच सांगितलं, “सकाळी मला उठव. जरीची शाल काढून ठेव.”

तिने काय ठरवलं, ते रिबकाने विचारलं नाही. विचारायचं तोंडावर आलं होतं, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

सकाळी रिबकाने आईला आधार देत नेलं. कबरस्थानाच्या फाटकाशी वाट दुभंगत होती. डावीकडे आत जायचं, उजवीकडे बाभळी. रिबका थांबली. सुगंधाबाईने श्वास घेतला आणि उजवीकडे वळली.

ती कधी तिथे आली नव्हती, तरी उंचवटा तिला शोधावा लागला नाही. ती त्याच्याशेजारी मांडी घालून बसली, त्याच्यावर हात ठेवला आणि थोपटू लागली, झोपलेल्याला थोपटावं तशी.

घंटा झाली. उपासनेला निघालेली माणसं वाटेतच थबकली. शांतवन मास्तर पुढे आले.

“काय ठरवलंस, रिबका?”

रिबकाने आईकडे पाहिलं. आईने होकाराची मान हलवली. मग रिबका भिंतीपाशी गेली. वरचा नवा थर नुसताच रचलेला होता, चुना फक्त दर्शनी बाजूला. तिने दोन्ही हातांनी एक चपटा दगड ओढून काढला, भावाच्या उशाशी उभा रोवला आणि जवळच पडलेल्या कोळशाच्या तुकड्याने त्याच्यावर लिहिलं, ‘शमुवेल’.

“अगं, भिंतीचा दगड आहे तो!” मास्तर ओरडले.

“होता,” रिबका म्हणाली. “आता कुठे कामी आला.”

कुणीतरी खुदकन हसलं. मास्तर संतापाने वळले, तर त्यांची बायको शेजारी नव्हती. मार्थाकाकू भिंतीपाशी पोहोचली होती. तिने एक दगड काढून बगलेत धरला आणि दुसऱ्याला हात घातला. दुसरा हलेना.

“मार्था! घरी चल,” मास्तर म्हणाले.

“येते,” काकू म्हणाली. “आपल्या दोन्ही लेकींची नावं लिहून येते. तुम्हाला आठवतायत का, की मीच सांगू?”

 हातातल्या टोपीच्या कडेवरून मास्तर नुसतीच बोटं फिरवत राहिले.

रिबकाने काकूला दुसरा दगड काढून दिला. मग चुन्याने पांढरे झालेले हात पदराला पुसून ती सगळ्यांकडे वळली.

“आईची जागा इथे आहे. माझीही इथेच,” ती म्हणाली. “तुमच्या भिंतीच्या आत मला काही नको. पण मी आता गाव सोडून कुठे जाणार नाही. रोज सकाळी मी इथे असेन. ज्या आईला आपल्या लेकराचं नाव लिहायचं असेल तिने यावं. नाही आली तर मी बोलवायला येणार नाही. दगडांची काळजी करू नका. भिंतीत पुष्कळ आहेत.”

तात्पर्य: देवाने एकत्र गुंफलेल्यांना माणसाची भिंत वेगळं करू शकत नाही, आणि जिथे आत शिरायला आपल्या निरपराध माणसाला बाहेर टाकावं लागतं, तिथे ताठ मानेने बाहेरच उभं राहावं.