खांबावरची वही

औषध लागू पडत नाही म्हटल्यावर तेच दुप्पट द्यायचं, अशी इन्स्पेक्टर रणनवरे साहेबांची रीत. त्यांच्या हद्दीत भरदुपारी घरं फुटत होती आणि साहेब दरवेळी आणखी गल्ल्यांत गस्त वाढवत होते. गस्त म्हणजे काय, तर शिपायानं गल्लीत दिवसातून एकदा जायचं, खांबाला टांगलेल्या वहीत वेळ टाकून सही करायची आणि निघायचं.

हवालदार बिडवेबाईंनी वैतागून वर्षभराच्या फिर्यादी त्या वह्यांशी ताडून पाहिल्या. एकतीस घरफोड्यांपैकी सव्वीस सहीनंतर तासाभरात झालेल्या. हा हिशेब मांडलेला कागद त्यांनी तिसऱ्यांदा साहेबांपुढे ठेवला.

"साहेब, दोन गल्ल्यांत महिनाभर वही काढून वेळा बदलून बघू."

साहेबांनी कागद न वाचताच परत सरकवला. "बाई, अठ्ठावीस वर्षं खाकी घालतोय मी. पोलिसानं गस्त घालायची, अभ्यास नाही करायचा. त्या वह्या वाचायला वेळ कुणाला आहे?"

"चोरांना आहे, साहेब," बिडवेबाई शांतपणे म्हणाल्या. "पोलीस येऊन गेल्याचं त्यात बघूनच ते कुलूप तोडतात. एवढ्या अभ्यासू माणसांना धरायचं, तर आपल्यालाही थोडं वाचावं लागेल."

साहेबांनी चष्मा लावला आणि तो कागद पुन्हा पुढे ओढला.