खुर्चीचा मान

“त्याला खुर्ची आणि मला सतरंजी? एकाच आज्याचे नातू ना आम्ही? मग असं का, बाबा?”

धारराव देशमुख तकियात, फकिराच्या मठीत, शिरला तो लंगडत आणि ओरडत. चिंचेखाली म्हातारा नबीशा फकीर आपल्या कफनीला ठिगळ लावत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

सकाळी गावाबाहेरच्या आमराईत, मोठ्या तंबूत, कलेक्टरसाहेबाचा दरबार भरला होता. झाडून सारे देशमुख-पाटील खाली सतरंजीवर. साहेबासमोर खुर्चीवर बसायची सनद मिळाली ती एकट्या हैबतरावाला, म्हणजे धाररावाच्या सख्ख्या चुलतभावाला. झालं! धारराव चाळिशी उलटलेला, नातवंडांचा धनी, पण मत्सराला वय कुठं कळतं?

“बसला होता कसा माहितीय? ताठ! जणू ह्याच्या बापानंच विलायत जिंकली!”

“हं...”

“पोटात नुसती आग पडलीय, बाबा. तुमच्यापासून काय लपवायचं? सकाळपासून पाण्याचा घोट गोड लागलेला नाही.”

त्यानं शेल्यातून एक कागद काढला.

“ही अर्जी. सरकारनं हत्यारं जमा केली ना, तेव्हा आज्याची तलवार हैबतरावानं धान्याच्या पेवात पुरून ठेवली. ते सारं लिहिलंय ह्यात.”

“एकट्यानं पुरली?”

धारराव इकडंतिकडं बघू लागला.

“माती मी लोटली... पण पेव त्याच्या अंगणात आहे!”

“अर्जी पोचली तर भावाचं काय होईल?”

“काळं पाणी.” एवढं बोलताना त्याचा आवाज जरा बसला. मग घाईघाईनं म्हणाला, “आणि ती खुर्ची मला. साहेबाचा तळ उद्या हलतोय. दुवा द्या, बाबा, म्हणजे आत्ताच जाऊन देतो.”

नबीशानं दातानं दोरा तोडला.

“लंगडतोस का?”

“जोडा चावतोय. ते असू द्या हो, दुवा...”

“आण बघू इकडं.”

धाररावानं दाराशी काढलेले जोडे आणले. फकिरानं एक हातात घेतला, उलटा केला. टाचेला पितळी नाल होती.

“तुझाच का हा?”

धारराव बघतच राहिला. त्याच्या जोड्याला लोखंडी नाल.

“अरे देवा! हा तर हैबतरावाचा. रागाच्या भरात निघालो, बघितलंच नाही... तंबूबाहेर दोघांचे शेजारी शेजारी होते.”

“खुर्चीवाल्याचेही बाहेरच?”

“म्हणजे काय! देशी जोडा घालून साहेबासमोर जाता येतंय होय? कुणी का असेना, बाहेर काढायचा.”

“आणि साहेब?”

“साहेब बूट घालूनच...”

वाक्य तिथंच अडलं.



“पाय आत घेतले होते हैबतरावानं,” धारराव हळूच म्हणाला. “खुर्चीखाली. टाचांना भेगा आहेत त्याच्या, लहानपणापासूनच्या. शेजारच्या गोऱ्यानं बघितलं, हसला... मग ह्यानं आणखी आत ओढून घेतले.”

फकिरानं दुसरा जोडाही हातात घेतला.

“पण बसला तर होता ना खुर्चीवर!” धारराव पुन्हा उसळला. जळणारं माणूस एवढ्यानं विझतंय होय! “ते काही नाही. माझ्या डोळ्यांदेखत बसला होता. अर्जी मी देणार म्हणजे देणार. दुवा देता की नाही, तेवढं सांगा.”

नबीशा उठला. हैबतरावाचे जोडे त्यानं आपल्या कफनीनं पुसले आणि वाकून धाररावाच्या पायांशी ठेवले.

“बाबा, हे काय करता!” धारराव दोन पावलं मागं सरला.

“दुवा दिली, बेटा. जा, खुशाल दे अर्जी... फक्त हे जोडे पायातून न काढता तंबूत शिर.”